एका काचेमागची पलटण

आमच्या भागात घरोघरी फोटोची चौकट एकच असायची, आणि तिच्यातली माणसं मात्र बदलत राहायची. नवा फोटो आला की तो काचेला लावायचा, जुना त्याच्या मागे सरकवायचा, पाठीला पुठ्ठा, चार बारीक चुका ठोकल्या, झालं काम. दुसरी चौकट आणायला मूल गावच्या बाजारात कोण जातो? त्यामुळे कोणाच्या घरी लेकीच्या लग्नाच्या फोटोमागे आजोबा असायचे आणि आजोबांच्या मागे एखाद्या जुन्या कॅलेंडरवरचा बुद्ध. फेकायचं काहीच नाही, दाखवायचं एकच. लहानपणी मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटायची. आता वाटत नाही.

ही हकीकत माझ्या आत्याची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीची. पोंभुर्ण्याच्या बाजूला आमचं गाव, तिथे ती माझ्या भावाच्या घरी राहायची. मी तेव्हा वडशाला शाळेत शिकवत होते. सुट्टी लागली की छोट्या रेल्वेने मूलपर्यंत यायचं, पुढे एसटी, आणि एसटीने मध्येच सोडलं तर पुढे आपले पाय. ऐंशीनंतरची ती वर्षं.

आत्याच्या गळ्यात काळी पोत होती, आणि ती पोत हा सगळ्या गावाचा चघळायचा विषय होता.

मोठ्या लढाईच्या काळात तिचा नवरा पलटणीत गेला. ही काही खरी फौज नव्हे. प्रांताच्या सरकारने आसपासच्या जिल्ह्यांतली पोरं गोळा करून एक पायदळ उभं केलं होतं, पूल राखायला, रेल्वे राखायला, गोदामांवर पहारा द्यायला. लढाई वाढली तसं त्यांनाही आसामच्या बाजूला नेलं. आमच्या वस्तीतून दोघे गेले. एक आत्याचा नवरा, तिचं सासर गावातलंच, आणि दुसरा त्याचा जोडीदार, जो पुढे हवालदार होऊन परत आला आणि जन्मभर हवालदारभाऊ म्हणूनच ओळखला गेला. तो आला, हा आला नाही. हवालदारभाऊंनी गावाला सांगितलं, "लापता झाला. तिकडच्या जंगलात कोनाचा पत्ता लागते?"

सासरच्यांनी थोडी वाट पाहिली आणि तिची पोत काढायचं ठरवलं. तिने काढू दिली नाही. "मुडदा पाह्यला काय कोनी? मंग?" एवढं विचारून ती माहेरी आली ती कायमची. पुढे आमच्या लोकांनी दीक्षा घेतली, विहार झाला. विहारातल्या बायका म्हणायला लागल्या, बाई, जुनं सोड आता. त्यांना म्हणायची, "धरम बदलला बाई, नवरा नाई बदलला." गावाने तिला नाव ठेवलं होतं, मेल्याची सवाशीण. पाणवठ्यावर तोंडावर म्हणायचे. ती घागर भरून निघून यायची. मी शिकलेली, चार पुस्तकं वाचलेली, मलाही त्या पोतीचा राग यायचा, पण गावाच्या हसण्याचा त्याहून जास्त यायचा.

नवऱ्याबद्दल ती फार बोलायची नाही. एक मात्र आम्हा सगळ्यांना माहीत होतं. लग्नाच्या आधीच, मोहफुलं वेचताना, अस्वलाने त्याचा डावा गाल फाडला होता, कानापासून पार ओठापर्यंत. तेव्हापासून तो डावी बाजू कोणाला दिसू द्यायचा नाही. जेवायला बसला तर ती बाजू भिंतीकडे, बाजारात गेला तर त्या बाजूने दुपट्टा. लग्नाच्या मांडवातसुद्धा तसाच तोंड वळवून बसला होता म्हणे.

"तेल मीच लावत होती त्या गालाले," एकदा मोह वाळवताना ती मला म्हणाली. "आता बोटाले तो गाल आठवते, पन तोंड नाई आठवत. आरशी पुसल्यावानी पुसून गेलं. नवऱ्याचं तोंडच इसरली तर मी बायको कायची?"

तिला काय खुपत होतं ते त्या दिवशी मला कळलं. नवरा गेला याच्याशी तिने जुळवून घेतलं होतं. त्याचा चेहरा गेला याच्याशी जमत नव्हतं. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तालुक्याला डोळ्यांचं शिबिर लागलं तेव्हा तिला न्यायचं म्हणून मी खास रजा काढून आले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. जाड भिंगाचा चष्मा लागला, आणि डॉक्टर म्हणाले की दुसरा पुढच्या हिवाळ्यात करू. एसटीत बसल्याबरोबर तिने मला कार्यक्रम सांगून टाकला. हवालदाराच्या घरी पलटणीचा फोटो आहे, तिथे जायचं. "एका डोळ्यानं आधी त्याले पाहीन. दुसऱ्यानं मंग बाकी दुनिया."

इतकी वर्षं ती त्या घरी का गेली नव्हती, असं मी विचारलं. म्हणाली, हवालदार दरवेळी विषय बदलायचा, आणि नंतर नंतर दिसतच नव्हतं तर जाऊन काय करायचं?

हवालदारभाऊंच्या ओसरीवर दाराच्या वरच ती चौकट होती. चांगली हातभर लांब. काचेमागे पलटण बसली होती. पहिली रांग जमिनीवर मांडी घालून, मुठी गुडघ्यांवर, तिच्यामागे खुर्च्यांवर साहेब आणि हुद्देवाले, मागे उभे, त्यांच्याही मागे बाकांवर चढलेले. सगळ्यांना एकाच मापाचा गणवेश दिलेला, त्यामुळे कोणाच्या बाह्या बोटांवर आलेल्या, कोणाचा गळा कॉलरीत बुडालेला. तोंडं उडदाएवढी. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं, यात कोणाला कोण सापडणार!

आत्याने चौकट मांडीवर घेतली. काचेला नाक लावलं आणि सुपातले तांदूळ निवडावेत तशी एका टोकापासून एकेक तोंड पाहायला लागली. हवालदारभाऊ खाटेवर बसून होते. त्यांनी बोट दाखवलं नाही, काही सांगितलंही नाही. तिसऱ्या रांगेच्या टोकाशी ती थांबली.

"हा."

एवढ्या गर्दीत सगळे नाकासमोर पाहत होते. एकानेच तोंड वळवलं होतं, उजवा गाल पुढे, जणू ऐन फोटोच्या वेळी बाजूने कोणी हाक मारली होती. छाती काढून उभा होता, पण चेहरा मात्र तिकडे. आत्याने तोंडाला पदर लावला आणि हसायला लागली. "केवढासा पोट्टा होता व! मी याले भेत होती!" मी तिला तशी हसताना आधी पाहिली नव्हती. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू?

मी म्हटलं, वडशाला एक स्टुडिओ आहे, तिथून तेवढं तोंड मोठं करून आणते. हवालदारभाऊ लगेच म्हणाले, "काच कमजोर हाये. फुटंल."

"भाऊ," आत्या म्हणाली, "मी जिती हाओ तवरोक एकडाव घरी लावू द्या त्याले."

घरातली सगळी माणसं ओसरीवर जमली होती. त्यांच्यादेखत नाही म्हणणं हवालदारभाऊंना जड गेलं असावं. बराच वेळ ते खाटेची नवार ओढत बसले. मग म्हणाले, "न्या. पन काच काढू नोका. वरूनच काढा म्हना फोटो." म्हातारा माणूस, जुन्या वस्तूवर जीव, असं मी समजले आणि तसं वचनही दिलं.

वडशाचा तो स्टुडिओवाला म्हणजे एक वल्लीच. हिवाळा लागला की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम, आणि सगळ्या कंपन्यांचे पडदे आणि बोर्ड रंगवायचे तर याच्याकडे. त्यातून वेळ उरला तर फोटो. त्याच्या हातून निघालेला प्रत्येक माणूस राजासारखा निघायचा, मग तो तलाठी का असेना. मी काचेचं सांगितलं तर हसला. "बाई, काचेवरून फोटो काढला तर तुमच्या सिपायाच्या जागी माहं तोंड यीन. काढावीच लागते." बरोबर होतं त्याचं. मी तोंड फिरवलेला माणूस दाखवला आणि काच जपायला सांगून निघाले.

हंगाम उतरेपर्यंत मला खेटे घालावे लागले. शेवटी एका शनिवारी त्याने पुठ्ठ्यात गुंडाळलेला फोटो सोडून माझ्यासमोर धरला. कपाळावर रुळणारी बट, डोळ्यांत काजळ, लाल ओठ, आणि दोन्ही गाल चिकणे गुलाबी. चेहरा थेट समोर.

"हे काय केलं?"

"तोंड फिरवून होतं न, सरळ करून देलं," तो मोठ्या समाधानाने म्हणाला. "मेलेल्या मानसानं घरच्याकडं पाहाले पायजे बाई. पाठ देल्ली तर भिंतीले लावत नाई कोनी."

हा त्याचा नियमच होता म्हणे. रागवावं की हसावं ते मला कळेना. तेवढ्यात माझं लक्ष छातीकडे गेलं. खिशावर रंगीत फितींची ओळ होती, पदकं मिळालेल्या शिपायांना असते तशी. म्हटलं, ही तरी कशाला चिकटवलीस? पहिल्या फोटोत छाती कोरी होती, आत्याने नाक लावून पाहिली होती, मीही पाहिली होती.

त्याला वाईट वाटलं. "मी कायले चिकटवू? हायेत त्या. मागच्या फोटोत."

मागचा फोटो म्हणजे कुठला, हे मी विचारायच्या आधीच त्याने तो काढून दाखवला. चौकट उघडली तेव्हा पुढच्याच्या मागे निघाला होता. पुढच्याला ऊन लागून तो पिवळा पडला होता, मागचा अंधारात राहिल्यामुळे साफ. त्यातही एक तोंड फिरवलेला माणूस होता, तोच तो म्हणून त्याने त्याच्यावरून काम केलं. त्याच्या दृष्टीने त्याने उलट माझं भलंच केलं होतं.

तीच पलटण होती. रांगा कमी झालेल्या, माणसं भरलेली आणि थोराड, सगळ्यांच्या छातीवर फिती. पुढे जमिनीवर एक पाटी टेकवली होती आणि तिच्यावर खडूने साल लिहिलं होतं, लढाई संपल्यानंतरचं. दुसऱ्या रांगेत तो उभा होता, उजवा गाल पुढे करून. मिशा आल्या होत्या. त्याला खांदा लावून हवालदारभाऊ उभे होते.

मी ते साल दोनदा वाचलं. तिथल्याच रंगाच्या डब्यावर बसले. पेंटर पाणी घेऊन आला. एकदा मनात आलं, त्याला म्हणावं, त्या फिती पुसून टाक, आणि मागचा फोटो होता तसा मागे खिळून टाक. त्याने आनंदाने पुसल्याही असत्या. पण आत्याने माझ्याकडे नवऱ्याचं तोंड मागितलं होतं, समजूत मागितली नव्हती. रेल्वेत मांडीवर ते गाठोडं घेऊन बसले आणि मूलचं स्टेशन येईपर्यंत हवालदाराला शिव्या देत होते, मनातल्या मनात, पण एकही सोडली नाही.

आत्या अंगणात वाट पाहत होती. केस विंचरलेले, धुतलेलं लुगडं. मोठा फोटो तिने दोन्ही हातांनी धरला, दूर धरला, जवळ आणला.

"हा कोन?"

"पेंटरनं त्याचं तोंड सरळ केलं."

"हा नाटकातला हाये," ती म्हणाली. मग बोट छातीवर आलं. "आनि हे?"

मी मागचा फोटो तिच्या मांडीवर ठेवला. या वेळी तिला शोधायला वेळ लागला नाही. हवालदारालाही तिने ओळखलं. पाटीवर काय लिहिलं आहे ते विचारलं, मी वाचून दाखवलं. ती शाळेत गेली नव्हती, पण लढाई कधी संपली आणि हवालदार कधी गावात आला, हे तिच्याइतकं गावात कोणाला पाठ नव्हतं.

"मंजे आला होता," ती म्हणाली. पदर डोक्यावर घेतला. "चाल."

हवालदारभाऊ उन्हात बसून अंबाडीची दोरी वळत होते. आमच्या हातातली उघडी चौकट पाहून त्यांचे हात थांबले. "काच काढू नोका म्हनलं होतं," ते म्हणाले, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. अजून यांना काचेचं पडलं होतं!

लपवायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं. चांद्याच्या स्टेशनपर्यंत दोघे एकाच गाडीने आले होते. तिथे तो म्हणाला, तू जा, मी येत नाही. सिरोंच्याकडे एका लाकडाच्या ठेकेदाराने चौकीदारी देऊ केली होती. "मनला, गावात मी अस्वल्या होतो. पोट्टे मांगं लागत. पलटणीत मले नंबर होता, नाव होतं. पुन्हा अस्वल्या व्हाले नाई येत मी. लापता सांग, मनला. माह्याकडून शब्द घेतला."

"आनि मी?" आत्याने विचारलं.

हवालदारभाऊंनी दोरीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. "तुमचं नाव नाई काढलं त्यानं, बाई."

तिकडे त्याने दुसरं घर केलं. बाई तेलुगू बोलणारी. पोरं झाली, ती मोठी झाली. लाकूड वाहणाऱ्या लोकांकडून हवालदारभाऊंना अधूनमधून खबर लागायची. शेवटची खबर तीन वर्षांपूर्वीची, तापाने गेला म्हणून. एवढी वर्षं तो आमच्याच जंगलाच्या दुसऱ्या टोकाला होता, एसटीने गेलं तर एका दिवसाच्या वाटेवर.

मी ओरडले. माझा आवाज असा चढेल हे मलाच माहीत नव्हतं. "शब्द शब्द काय करता? हिला पाणवठ्यावर लोक काय म्हणायचे ते ऐकत होता ना तुम्ही? त्याला दिलेला शब्द शब्द, आणि हिचा जन्म काय, गवत?" हवालदारभाऊ खाली पाहत होते. "पलटणीतला शब्द होता," एवढंच पुन्हा म्हणाले. मला अजूनही त्यांची कीव येत नाही.

आत्याने माझ्या दंडाला हात लावून मला गप्प केलं. ती रडत नव्हती. विचार करत होती.

"तीन साल झाले म्हनता?"

"हो."

"मंग तवरोक तं मी सवाशीणच होती. गाव खोटं बोलत होतं. मी नाई." हे ती हवालदारांना म्हणाली, मला म्हणाली की गावाला, कोण जाणे. मग तिने पोत डोक्यावरून काढायला पाहिली. जुनी गाठ, निघेना. माझ्याकडे वळली. "तोड."

मी नाही म्हटलं. आयुष्यभर त्या पोतीवर मी चिडले होते, आणि आता माझा हात उचलेना. ती पुन्हा म्हणाली, "तोड म्हनलं न." मी तोडली. दोरा कुजलाच होता, बोट घातल्याबरोबर तुटला. मणी हवालदारांच्या अंगणात घरंगळले, आणि दाणे टाकले समजून कोंबड्या धावत आल्या.

पलटणीची चौकट आम्ही तिथेच त्यांच्या खाटेवर ठेवून आलो. त्यांनी पुढे कुठला फोटो काचेला लावला आणि कुठला मागे, हे पाहायला मी कधी गेले नाही. पेंटरने केलेला राजा मात्र भावाने भिंतीवर लावला, केला आहे तर वाया कशाला घालवायचा म्हणून. आल्या-गेल्याला तो आवडायचा. माणूस मोठा देखणा होता हो, असं म्हणायचे. आत्या त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसायची. बोलता बोलता तिचा हात गळ्याशी जायचा, तिथे काही सापडायचं नाही, मग तो कानामागचे केस सारखे करून खाली यायचा. मोकळ्या गळ्याची आत्या पाहून गाव एकदम सभ्य झालं होतं. पाणवठ्यावर तिला आधी पाणी भरू द्यायचे. ते तर मला त्यांच्या हसण्यापेक्षाही सहन होत नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात तालुक्याला पुन्हा डोळ्यांचं शिबिर लागलं. मी पुन्हा रजा काढली, भावाने गाडीबैल जुंपून ठेवले. आत्या ओसरीवर बसून होती. चष्मा काढून बाजूला ठेवलेला. मी म्हटलं, "आत्या, चल, दुसरा डोळा राहिला आहे ना?"

ती जागची हलली नाही. म्हणाली, "ह्या एकानंच लय पाह्यलं. यालेबी बंद करते काय, इचार तुया डाक्टराले."

भावाने बैल सोडले आणि गोठ्यात नेऊन बांधले.